लिहिली गेलेली माणसे आणि लिहिणारी माणसे : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ते तृतीयपंथीयांचे मराठी लेखन

इ. स. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्री-पुरुष तुलना' हा लहानसा निबंध छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या पाचशे प्रती काढल्या होत्या व किंमत नऊ आणे ठेविली होती. लेखिका ताराबाई शिंदे या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या रहिवासी. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीस होते व महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. या निबंधाचा उल्लेख आज स्त्रीमुक्तीच्या इतिहासात सर्वत्र होतो व तो योग्यच आहे. तथापि या ग्रंथाचा एक विशेष अद्याप पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही, असे आम्हांस वाटते. ताराबाईंनी स्त्रियांची दुःखे तर मांडलीच. शिवाय पुरुषांनी लिहिलेल्या नाटक-कादंबऱ्यांतून स्त्रीची जी मूर्ती उभी केली जाते, तीही त्यांनी तपासून पाहिली. ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांच्यापैकीच एकीने लेखणी हाती घेऊन लिहिणाऱ्यांना जाब विचारला, असा हा प्रसंग आहे.

हाच जाब आज तृतीयपंथी समाजातील लेखक विचारीत आहेत. कथा-कादंबऱ्यांत आमचे चित्र कोणी काढले, आमच्या तोंडी कोणती वाक्ये घातली, आमचे हस्तलिखित कोण छापणार व छापलेले कोण जपणार, हे त्यांचे प्रश्न होत. या प्रश्नांचा विचार बुलढाण्याच्या त्या पुस्तकापासून आरंभून, पाली वाङ्मयाच्या साहाय्याने आणि आंबेडकरी चळवळीच्या अनुभवाच्या प्रकाशात करावा, असा या लेखाचा हेतू आहे. कोणत्याही वंचित समूहाच्या वाङ्मयीन इतिहासात आम्हांस तीन अवस्था दिसतात. पहिली चित्रणाची : त्याच्याविषयी इतर लिहितात. दुसरी वाणीची : तो स्वतः बोलू लागतो. तिसरी जतनाची : त्याचे बोलणे छापले जाते, वाचले जाते व पुढील पिढीच्या हाती पडते. पहिल्या दोन अवस्थांची चर्चा पुष्कळ होते. तिसरीकडे दुर्लक्ष होते आणि तेथेच आवाज विझतात.

१. बुलढाण्यातील एक पुस्तक

'स्त्री-पुरुष तुलना' लिहिण्यास निमित्त झाले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचे. १८८१ मध्ये या ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व पुढे ती काळ्या पाण्यावर आली. त्या वेळी काही वृत्तपत्रांनी एका स्त्रीच्या निमित्ताने सर्व स्त्रीजातीवर झोड उठविली. विधवेस पुनर्विवाहाची बंदी घालणारे कोण, तिला फसविणारे कोण आणि शिक्षा मात्र कोणास, असा उलट प्रश्न ताराबाईंनी केला. मराठी बोलीचा सणसणीत रोखठोकपणा हे त्यांच्या भाषेचे सामर्थ्य होय.

त्या काळी मराठी कादंबरी नुकतीच बाळसे धरीत होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकप्रिय होत्या. महादेव बाळकृष्ण चितळे यांचे 'मनोरमा' नाटक (१८७१) विधवांच्या प्रश्नाविषयी गाजत होते. ताराबाईंनी अशा ग्रंथांची नावे घेऊन, त्यांत स्त्री ज्या रीतीने रंगविली जाते तिचा समाचार घेतला आहे. मराठी कादंबरीला जेमतेम पंचवीस वर्षे झाली असता, तीत चित्रित होणाऱ्या वर्गातील एका वाचक स्त्रीने तिची अशी झडती घ्यावी, ही मराठी समीक्षेच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. ही झडती मुंबई-पुण्याच्या विद्वत्सभेत घेतली गेली नाही. ती बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या, शाळेत न गेलेल्या परंतु घरी शिकलेल्या मराठा स्त्रीने घेतली.

पुढे काय झाले, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधकांपैकीही काहींना ते रुचले नाही. १८८५ मध्ये जोतीरावांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेऊन टीकाकारांना उत्तर दिले. परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पाचशे प्रती जीर्ण होऊन गेल्या. वाङ्मयेतिहासकारांच्या ग्रंथांत त्या निबंधास स्थान मिळाले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो संपादून पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ आवृत्तीला ९३ वर्षे झाली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला व बुलढाण्याच्या ताराबाई जगाच्या अभ्यासकांना ठाऊक झाल्या. मधल्या ९३ वर्षांत ज्या स्त्रियांना हे पुस्तक हवे होते त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही. ताराबाईंना वाणी होती, युक्तिवाद होता, जोतीरावांसारखा पाठीराखा होता. नव्हती ती पुस्तक पुनःपुन्हा छापणारी, शिकविणारी, ग्रंथालयांत ठेवणारी संस्था.

या ग्रंथाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याच्या नावातच तराजू आहे आणि त्या तराजूला दोनच पारडी आहेत. स्त्री आणि पुरुष यांच्या पलीकडे उभा असणारा मनुष्य त्या तुलनेत कोठेच येत नाही. तो ताराबाईंच्या काळाचा दोष म्हणावा. परंतु ती जागा रिकामी होती, याची नोंद इतिहासकाराने केली पाहिजे.

२. पाली वाङ्मयातील साक्ष

त्या रिकाम्या जागेचा शोध घेऊ लागले असता पाली वाङ्मयाकडे वळणे आम्हांस आवश्यक वाटते. बौद्ध वाचकांपुढे हा विषय मांडताना 'आपल्या ग्रंथांत काय आहे ?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. गैरसोयीचे वचन लपवून चालणार नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात 'पण्डक' या संज्ञेने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, दिली असल्यास ती रद्द करावी, असा नियम आहे. 'पण्डक' हा शब्द आजच्या 'तृतीयपंथी' या शब्दाचा पर्याय नव्हे. समन्तपासादिका या अट्ठकथेत बुद्धघोषाचार्यांनी पण्डकाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत काही वर्तनावरून, काही शरीरावरून व एक तर पंधरवड्याच्या कालगणनेवरून ठरविला आहे. एवढ्या भिन्न गोष्टी एका शब्दाखाली कोंबल्या गेल्या, यावरूनच तो शब्द त्या व्यक्तींनी स्वतःसाठी घडविलेला नाही, हे उघड होते. इतरांनी बाहेरून चिकटविलेले ते नाव आहे.

नियमाच्या आधी जी निदानकथा येते ती वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावी. एक पण्डक भिक्षुसंघात प्रव्रजित होतो. तो तरुण भिक्षूंकडे, नंतर श्रामणेरांकडे, नंतर हत्ती-घोड्यांची देखभाल करणाऱ्यांकडे जातो व प्रत्येक वेळी एकच लज्जास्पद विनंती करतो. लोक संघाची निंदा करतात आणि नियम होतो. या संपूर्ण कथेत त्या व्यक्तीस नाव नाही, गाव नाही, मातापिता नाहीत. त्याच्या तोंडी एकच वाक्य घातले आहे व तेच तीन वेळा आले आहे. तो घर सोडून संघात का आला, त्याला कोणते दुःख होते, हे कोणी विचारीत नाही. आम्ही ज्यास चित्रणाची अवस्था म्हणतो तिचे याहून नेमके उदाहरण क्वचितच मिळेल. पुढील काळातील मिलिंदपञ्हात तर अशा व्यक्तीस धर्मबोधच होत नाही, असेही म्हटले आहे. नियम संघाच्या लौकिकासाठी झाला होता. कालांतराने तो माणसाच्या योग्यतेविषयीचा निवाडा होऊन बसला.

परंतु त्याच विनयपिटकात दुसरेही एक स्थळ आहे. पहिल्या पाराजिकाच्या विवेचनात एका भिक्षूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाल्याचा व एका भिक्षुणीच्या ठायी पुरुषलिंग प्रकट झाल्याचा प्रसंग येतो. येथे निंदा नाही, चौकशी नाही, शिक्षा नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तेवढेच वर्षावास धरून त्या व्यक्तीने दुसऱ्या संघात जावे, असा निर्णय भगवंतांनी दिल्याचे सांगितले आहे. लिंग पालटले तरी साधनेची ज्येष्ठता पालटत नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. धम्मपद-अट्ठकथेतील सोरेय्य श्रेष्ठिपुत्राची कथाही अशीच आहे. पुरुष असता तो दोन पुत्रांचा पिता होतो, स्त्री झाल्यावर तक्षशिलेस दोन पुत्रांची माता होते, पुन्हा पुरुष होऊन प्रव्रज्या घेतो व अर्हत्पदास पोहोचतो. या कथेतील लिंगबदल दुष्ट विचाराच्या फलाच्या रूपाने आला आहे, हे खरे. तथापि सोरेय्याला नाव आहे, घर आहे, आणि कोणत्या मुलांवर तुमची माया अधिक, या लोकांच्या प्रश्नाला त्याचे स्वतःचे उत्तर आहे. मातेच्या नात्याने झालेली मुले आपणांस अधिक प्रिय, असे तो प्रथम सांगतो. ज्याला बोलू दिले तो मनुष्य म्हणून उभा राहतो, हा फरक येथे स्पष्ट होतो.

संयुत्तनिकायात सोमा थेरी व मार यांचा संवाद आहे. स्त्रीच्या तोकड्या बुद्धीला हे पद मिळणार नाही, असे मार म्हणतो. चित्त समाहित असता स्त्रीपणाचा काय संबंध, असे सोमा विचारते; आणि मी स्त्री, मी पुरुष, किंवा मी अन्य काही, अशी ज्याला ओढ असेल त्यालाच माराने हे सांगावे, असे ती सुनावते. 'अन्य काही' हा तिसरा शब्द एका थेरीने उच्चारला आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तातही, वृक्ष-कीटक-पशु यांच्यात जन्माने भेद दाखविणारी चिन्हे असतात तशी मनुष्यांत नसतात, हे दाखविताना भगवान शरीराचा एकेक अवयव, गुह्यावयवांसह, मोजतात. त्या सुत्ताचा विषय जातिभेद आहे, लिंगभेद नव्हे. परंतु शरीरावरून माणसाची पायरी ठरवू नये, ही त्याची शिकवण कोणाला वगळीत नाही.

मग परस्परविरोधी दिसणाऱ्या वचनांपैकी कोणते घ्यावे ? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याची पद्धती घालून दिली आहे. १९५१ मध्ये कलकत्त्याच्या 'महाबोधि' मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीविषयी लिहिताना, महापरिनिब्बानसुत्तातील स्त्रियांविषयीचे आनंद-बुद्ध संवादाचे वचन त्यांनी ऐतिहासिक व तार्किक कसोटीवर घासले आणि ते उत्तरकालीन भिक्षूंचे प्रक्षेप असल्याचे प्रतिपादिले. जे बुद्धिसंगत नाही व मनुष्याच्या हिताचे नाही ते बुद्धवचन म्हणून स्वीकारू नये, ही त्यांची कसोटी होय. संघप्रवेशाच्या निषेधांच्या यादीत ऋणको, दास, राजाचे सैनिक, रोगी हेही आहेत. राज्यसत्तेशी व लोकांशी संघर्ष टाळण्याची गरज त्यांतून दिसते. त्या यादीस धम्माचे सार समजणे बाबासाहेबांच्या कसोटीस उतरत नाही. शिवाय हा नियम उपसंपदेपुरता आहे. त्रिशरण-पंचशील घेऊन उपासक होण्याच्या आड तो येत नाही, हे आमच्या विहारांच्या दारांशी बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जतनाच्या अवस्थेचा धडाही पाली वाङ्मयच देते. थेरीगाथेत ७३ थेरींचे उद्गार आहेत. त्यांत अनाथपिण्डिकाच्या घरची पाणी भरणारी दासी पुण्णिका आहे; पूर्वाश्रमीच्या गणिका अड्ढकासी, विमला, अम्बपाली आहेत. हे उद्गार टिकले ते संघाने पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेविले म्हणून, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपी ते ग्रंथनिविष्ट झाले म्हणून, आणि पुढे धम्मपालांनी त्यांवर अट्ठकथा लिहिली म्हणून. 'पण्डक' म्हणून ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या गाथा मात्र त्रिपिटकात नाहीत. त्यांच्यापैकी कोणी रचल्याच नसतील, असे मानण्यास कारण नाही. त्या जपणारा संघ त्यांना लाभला नाही.

३. सरकारी नोंद आणि मराठी कादंबरी

आधुनिक काळात या समाजाचे पहिले मोठे 'लेखन' कादंबरीकाराने केले नाही. ते सरकारने केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची, स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे केल्यास शिक्षेची तरतूद होती. उत्तर हिंदुस्थानात तिचा अंमल झाला. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग वगळला गेला; जमातींवरचा शिक्का मात्र १९५२ पर्यंत राहिला. फासेपारधी व अन्य भटक्या जमातींशी ज्यांची शेजारपणाची ओळख आहे त्या विदर्भातील वाचकांस, नोंदवहीत नाव चढणे म्हणजे काय असते हे समजावून सांगावयास नको. पुढे कायदा गेला तरी संशयाची नजर गेली नाही आणि साहित्यिकांनीही पुष्कळदा तीच नजर उसनी घेतली. तमाशाच्या वगात, चित्रपटात, विनोदी कथेत टाळी वाजविणारे पात्र हसविण्यासाठी किंवा भिवविण्यासाठी येई व निघून जाई. महावग्गातील त्या अनामिकाप्रमाणे त्यालाही एकच वाक्य असे.

या चाकोरीतून बाहेर पडण्याचे श्रेय काही लेखकांना निश्चित दिले पाहिजे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) मुंबईच्या कामाठीपुऱ्यातील वेश्या, हिजडे, भिकारी यांना मराठी कवितेत सन्मानाने आणले. राजन गवस यांनी 'चौंडकं' (१९८५) व 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांत सीमाभागातील यल्लम्माच्या जोगतिणी-जोगत्यांचे जीवन मांडले. देवाच्या नावाने मुलाला लुगडे नेसविणाऱ्या प्रथेची निर्दयता त्यांनी दाखविली. त्यांवर आधारलेला 'जोगवा' चित्रपट २००९ मध्ये आला. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरील चित्रपट २०१० मध्ये आला व नाच्याच्या भूमिकेमुळे पैलवान गुणाच्या वाट्याला आलेली विटंबना लाखो प्रेक्षकांनी पाहिली.

या कृतींचे मोल मान्य करूनही एक प्रश्न उरतो. गुणा हा मूळचा 'पुरुष' आहे आणि लोक त्याला 'तसा' समजतात, यात त्याची शोकांतिका आहे. जो खरोखरीच 'तसा' आहे त्याच्या विटंबनेबद्दल प्रेक्षक तितकाच हळहळला असता काय ? जोगत्याच्या कथेतही वेश लादला गेला म्हणून करुणा निर्माण होते. ज्याला तो वेश स्वतःचा वाटतो त्याची कथा त्या चौकटीत बसत नाही. अंधश्रद्धेचा निषेध आम्हांस मान्यच आहे. परंतु अंधश्रद्धेने केलेली जबरदस्ती आणि स्वतःच्या अंतःकरणाने दिलेला कौल या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतला भेद बाहेरून पाहणाऱ्या सहृदय लेखकासही सहजी दिसत नाही. तो सांगण्यास स्वतः भोगणारा लागतो. 'बलुतं'पूर्वीही दलितांविषयी कळवळ्याने लिहिणारे होते. तरी दया पवारांना १९७८ मध्ये 'बलुतं' लिहावे लागले, याचे कारण हेच.

४. वाणीचा उदय

मराठीत हा उदय अलीकडचा आहे. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन पुण्याच्या मनोविकास प्रकाशनाने काढले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले. पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार असल्याचे सांगितले. २०१९ मध्ये संसदेने त्यांच्याविषयीचा कायदा केला. त्याआधी २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज 'अन्य' असा रकाना प्रथमच आला व त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. ताराबाईंच्या तराजूला नसलेले तिसरे पारडे सरकारी कागदावर उमटण्यास असा दीर्घ काळ लागला.

दिशा पिंकी शेख यांची कविता हा या प्रवासातील पुढचा टप्पा होय. 'कुरूप' या संग्रहाच्या नावातच, समाजाने दिलेली शिवी स्वीकारून तिचाच प्रश्न करण्याची धमक आहे. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने त्यांची राज्य प्रवक्ता म्हणून नियुक्ती केली. आंबेडकरी राजकारणाच्या व्यासपीठावर तृतीयपंथी व्यक्ती पक्षाची भूमिका मांडू लागली, ही बाब आमच्या वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तमिळनाडूत ए. रेवती व लिव्हिंग स्माइल विद्या यांनी आत्मकथने लिहिली. विद्या या दलित आहेत आणि जातीचा व लिंगाचा बहिष्कार एकाच शरीरावर कसा एकवटतो, हे त्या ठामपणे मांडीत आल्या आहेत. तृतीयपंथी म्हणून सर्वांचा आवाज एक, असे समजणे चूक आहे. घराबाहेर काढलेल्या ब्राह्मण कुटुंबातील मुलाचा आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतून बाहेर काढलेल्या मुलाचा मार्ग एकसारखा असत नाही. पहिल्याचे आत्मकथन छापले गेले म्हणून दुसऱ्याचे काम झाले, असे प्रकाशकांनी मानू नये.

शब्दांकनाचा प्रश्नही येथे विचारात घेतला पाहिजे. ज्याला शाळा सोडावी लागली त्याने दुसऱ्याच्या लेखणीचा आधार घेण्यात कमीपणा नाही. पण सांगणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर असावे, मानधन त्याला मिळावे, छापण्यापूर्वी मजकूर त्याला वाचून दाखवावा आणि नको असलेले वाक्य गाळण्याचा अधिकार त्याचा असावा. एवढे न झाल्यास वाणीच्या नावाखाली पुन्हा चित्रणच होते.

५. आमची परंपरा आणि आमचे कर्तव्य

आंबेडकरी समाजाला या तिन्ही अवस्थांचा अनुभव आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले. त्याच्या नावातच वाणी नसलेल्यांचा निर्देश होता. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०), 'प्रबुद्ध भारत' (१९५६) या पत्रांनी लिहिणारी माणसे घडविली. पुढे गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने खेड्यापाड्यांतील नवख्या हातांचे लेखन वर्षानुवर्षे छापले. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवलेल्या वह्यांतून १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. ताराबाईंना जे लाभले नाही ते दलित साहित्याला लाभले, कारण त्याच्यामागे नियतकालिके, संमेलने, ग्रंथालये, जयंत्यांच्या पुस्तकविक्री आणि वर्गणीदार वाचक उभे राहिले. चैत्यभूमी व दीक्षाभूमीवर पुस्तकांसाठी रांगा लावणारा हा वाचक जगाच्या इतिहासात दुर्मिळ आहे.

बाबासाहेबांनी ही जबाबदारी स्वतःच्या समाजापुरती मर्यादित ठेवली नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. समाजाने विकृत ठरविलेल्या विषयांवर प्रश्न विचारण्याचा व त्यांची शास्त्रीय उत्तरे छापण्याचा अधिकार त्यांनी मांडला. खटला ते हरले. परंतु अप्रिय विषय छापणाऱ्याच्या बाजूस कोणी उभे राहावे, हे त्यांनी दाखवून दिले.

तृतीयपंथीयांच्या लेखनाकडे आंबेडकरी बौद्धांनी पाहावे ते या परंपरेतून. यात उपकाराची भावना नको. ज्या रस्त्याने आपण आलो त्या रस्त्यावर मागून येणाऱ्यांसाठी दिवा ठेवणे, इतकाच त्याचा अर्थ आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर येथील विहारांना लागून असलेल्या ग्रंथालयांनी थेरीगाथेच्या शेजारी 'स्त्री-पुरुष तुलना' आणि तिच्या शेजारी तृतीयपंथी लेखकांची पुस्तके ठेवावीत. नियतकालिकांनी त्यांच्याविषयी लेख मागविण्यापूर्वी त्यांच्याकडून लेख मागवावेत. बाजारात, रेल्वेस्थानकावर भेटणाऱ्या व्यक्तीस लिहिता येत नसेल तर तिचे कथन ध्वनिमुद्रित करून, तिच्या संमतीने, ग्रंथालयात जपावे; छापणे पुढे होईल. विहारात त्रिशरणास येणाऱ्या कोणालाही लिंगाविषयी प्रश्न विचारू नये. ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत आणि त्यांसाठी कोणत्याही सरकारी ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ताराबाईंच्या पाचशे प्रती विरून गेल्या तेव्हा या जिल्ह्यात त्या जपणारे ग्रंथालय नव्हते. आज विहार आहेत, वाचनालये आहेत, बाबासाहेबांच्या नावाने वर्गणी देणारी माणसे आहेत. या भूमीत आणखी एखादे पुस्तक ९३ वर्षे हरवले, तर त्याचे उत्तर आपणांसच द्यावे लागेल.